दहावीच्या सवलतीपुढचंही बघा

ज्यांचं मूल आठवी-नववीत आहे आणि ज्याला अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणं, सगळे एलडीच म्हणतात) असल्याचं निदान झालंय, त्या पालकांनी हे जरा सवडीने वाचा. आपल्याकडे सगळी धावपळ दहावीच्या परीक्षेतल्या सवलतीसाठी होते. निकाल लागला की फाईल कपाटात जाते. दोन-तीन वर्षांनी प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरताना ती बाहेर काढावी, तर आतल्या अक्षमतेच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते.

मुळात निदानच उशिरा होतं, कारण 'आळशी आहे, लक्ष देत नाही' यातच चार वर्षं जातात. मराठी वाचताना काही खुणा स्पष्ट दिसतात. 'घर'चं 'धर' होतं, भ आणि म यांची अदलाबदल होते. 'किती'मधली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची पण उच्चारायची नंतर, तिथे मूल अडखळतं. 'सूर्य'मधला रफार य च्या डोक्यावर असतो आणि उच्चार त्याच्या आधी, तिथेही तेच. पहिलीत असं सगळ्यांचंच होतं. तिसरी-चौथीतही तसंच चालू असेल आणि तेच मूल तोंडी उत्तरं फटाफट देत असेल, तर तपासणी करून घ्या. 'सुधारेल हळूहळू' म्हणत बसू नका.

आता गणिताचं. आपल्या बोर्डाच्या सवलतींत दहावीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि सोबत कार्यानुभवाचा विषय घेण्याची सोय आहे. ज्याला खरोखर अंकांचाच त्रास आहे (डिस्कॅल्क्युलिया), त्याने ती जरूर घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. पण पुष्कळ मुलांना गणित येत असतं, त्यांचं अडतं ते शाब्दिक उदाहरण वाचताना. अशा मुलाला प्रश्न वाचून दाखवणारा माणूस आणि वाढीव वेळ पुरतो. टक्के वाढावेत म्हणून त्याला गणित सोडायला लावलं, तर अकरावी विज्ञान, तंत्रनिकेतन आणि आयटीआयचे बरेच ट्रेड त्याच्या हातून जातात. मुलाला काय जमतं ते विशेष शिक्षकांना विचारा आणि मग ठरवा. शाळेच्या निकालाची चिंता शाळेला करू द्या.

प्रमाणपत्राचं गणित याहून महत्त्वाचं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली, आणि 2018 च्या केंद्राच्या नियमांत आठ वर्षं पूर्ण झाल्यावर पहिलं प्रमाणपत्र, 14 व्या वर्षी फेरतपासणी आणि 18 व्या वर्षी पुन्हा एकदा, असं ठरलं होतं. अठराव्या वर्षीचं जन्मभर चालायचं. 2024 मध्ये हे नियम बदलले, त्यामुळे सध्याचं काय ते रुग्णालयात विचारून घ्या. गोची अशी की मूल अठराचं होतं तेव्हा ते नेमकं बारावीत किंवा प्रवेशाच्या रांगेत असतं. सरकारी रुग्णालयात एका भेटीत काम होत नाही. बालरोगतज्ज्ञ, बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, प्रत्येकाची तारीख वेगळी. म्हणून अठरावा वाढदिवस येण्याआधी चौकशी करून ठेवा. शाळेत चाललेला कागद पुढे चालेलच असं नाही, यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) लागतं. उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागांसाठी अक्षमता 40 टक्के किंवा जास्त असावी लागते. त्याहून कमी असेल पण लिहिण्यात अडचण असेल, तर केंद्राच्या सूचनांनुसार लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा) आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मागता येतो. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात वैद्यकीय दाखला हवा. नमुना परीक्षेच्या माहितीपत्रकातच असतो, तोच भरून घ्या, दुसऱ्या लेटरहेडवर लिहून आणू नका.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. दहावीला नववीतला मुलगा लेखनिक असतो, आणि मजकूर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. 'एक्स अधिक दोनचा वर्ग' असं सांगितलं तर लेखनिक वर्ग फक्त दोनावर टाकेल. 'कंस सुरू, एक्स अधिक दोन, कंस पूर्ण, पूर्ण कंसाचा वर्ग' असं सांगायची सवय लागते. त्याच लेखनिकाबरोबर घड्याळ लावून निदान चार-पाच पूर्ण पेपर सोडवा. नाहीतर जादा वेळ खाडाखोडीतच जातो.

आणि अठरानंतरच्या बारीकसारीक गोष्टी, ज्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. सही सोपी ठरवा आणि महिनाभर गिरवून घ्या, कारण सही जुळली नाही की चेक परत येतो. बँकेचा, गॅसचा, परवान्याचा फॉर्म घरी भरून सराव करा. फोनवर मराठी बोलून टाइप करणं आणि मजकूर वाचून घेणं नववीपासूनच शिकवा. मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगता आलं पाहिजे, 'मला वाचायला वेळ लागतो, सूचना लेखी पाठवा, मी फोनवर ऐकून घेईन.' कॉलेजच्या कार्यालयात आई बोलली तर चालून जातं. नोकरीच्या मुलाखतीत आई नसते, त्यामुळे हे वाक्य घरी, मामा-काकांसमोर, मोठ्याने म्हणून घ्या.