‘नाजा २००’चे तीन थेंब आणि दहा कुप्यांचा हिशेब

मृगाचा पाऊस पडला की सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक जुना संदेश नव्याने फिरू लागतो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: भारतात सापांच्या ५५० जाती असून त्यांतल्या दहाच विषारी आहेत; साप चावल्यास ‘नाजा २००’ या होमिओपॅथिक औषधाचा एकेक थेंब दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन वेळा जिभेवर टाकावा, म्हणजे रुग्ण हमखास वाचतो; दवाखान्यातले इंजेक्शनही शेवटी सापाच्या विषाचेच असते, फक्त ते महाग असते; रक्तदाबाची गोळी सापाच्या विषापासून होते हे शास्त्रज्ञही मान्य करतात; सिरिंजचे टोक कापून दंशाच्या जागी लावल्यास विष ओढून काढता येते; आणि म्हणून पाच मिलिलिटरची ही बाटली प्रत्येक घरात हवी. मी सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे या संदेशाच्या एकेका मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

संदेशातल्या खऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्याच्याच आधाराने खपते. रक्तदाबाच्या गोळीची गोष्ट खरी आहे. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषात रक्तदाब उतरवणारे लहान पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) असल्याचे सर्जिओ फेरेरा यांनी १९६०च्या दशकात दाखवले. त्या पेप्टाइडची रचना समोर ठेवून अमेरिकेतल्या कुशमन आणि ओंडेटी यांनी कॅप्टोप्रिल घडवले आणि १९८१ मध्ये ते बाजारात आले. आज औषधांच्या दुकानात मिळणारे एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्याचीच भावंडे होत. मात्र या गोळीत विषाचा कणही नसतो. ती कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होते. सापाकडून घेतली ती फक्त कल्पना. आपल्या माळरानावरच्या फुरशाचेही असेच आहे. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून शिरेतून देतात ते टायरोफिबॅन हे औषध फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाचा अभ्यास करताना सुचले. ही औषधे रुग्णाचे वजन आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहून, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमच्या मापात दिली जातात. तेव्हा ‘विषापासून औषध होते’ या वाक्यावरून ‘विष हेच औषध’ असा अर्थ काढता येत नाही. नागाचे विष मधातून घेतल्यास कर्करोग बरा होतो, असेही या संदेशाच्या शेपटीला कधीकधी जोडलेले असते. सापाच्या विषापासून बनवलेल्या कर्करोगावरच्या एकाही औषधाला आजवर मान्यता मिळालेली नाही.

दुसरा मुद्दा दवाखान्यातल्या इंजेक्शनचा, आणि संदेशातली सर्वांत मोठी गफलत इथे आहे. त्या कुपीत विष नसते, विषाला पकडणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) असतात. फ्रान्समध्ये १८९४ साली काल्मेत आणि इतर संशोधकांनी दाखवून दिलेले तत्त्वच आजही चालते: घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा टोचायची, ती काही महिने हळूहळू वाढवत न्यायची, आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी करून शुद्ध करायची. भारतात त्यासाठी लागणारे विष मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. ही संस्था १९७८ मध्ये स्थापन झाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांविरुद्धचे हे प्रतिविष पांढऱ्या भुकटीच्या रूपात मिळते आणि ऐनवेळी दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवावे लागते.

आता हिशेब पाहू. या द्रावणाचा एक मिलिलिटर घोणसाचे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो, म्हणजे एक कुपी ६ मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडतो असे मानले जाते. म्हणूनच डॉक्टर सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या चढवतात. ‘एवढी इंजेक्शने कशाला?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर या गुणाकारात आहे. पुढच्या कुप्या लागतील की नाही, हे ठरवण्याची एक चाचणी मी असंख्य वेळा केली आहे. शिरेतले दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे आणि वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही नको, कारण त्याने निकाल फसतो. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरपी करायची. रक्त घट्ट धरले असेल तर ठीक. ते पाण्यासारखे भिंतीवरून ओघळले, तर विषाने रक्त गोठवणारे घटक संपवले आहेत असे समजायचे. तो ओघळ पाहिलेला माणूस जिभेवर थेंब टाकून वाट पाहत बसण्याचा सल्ला कोणालाही देणार नाही.

प्रतिविषात उणिवा आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. घोड्याच्या प्रथिनांमुळे काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होते, म्हणून ती आवरणारे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन भरून हाताशी ठेवावे लागते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, त्यामुळे दक्षिणेतल्या विषावर बेतलेले प्रतिविष सर्वत्र सारखेच प्रभावी ठरत नाही, ही तक्रारही रास्त आहे. ‘महाग’ हा आक्षेप मात्र सरकारी रुग्णालयांना लागू होत नाही. तिथे ते मोफत मिळते.

‘नाजा २००’मध्ये काय असते? नागाच्या विषाचा एक भाग शंभर भागांत मिसळायचा, त्यातला एक भाग पुन्हा शंभरात, असे दोनशे वेळा करायचे. बाराव्या पायरीलाच हे प्रमाण एकावर चोवीस शून्ये इतके विरळ होते आणि मूळ विषाचा एखादा रेणू उरण्याची शक्यताही जवळपास संपते. दोनशेव्या पायरीला एकावर चारशे शून्ये होतात. घोणसाच्या ६३ मिलिग्रॅमसमोर उभे करायला त्या थेंबात काहीच नसते. आणि समजा, विष उरलेच असते, तरी विषबाधा झालेल्या माणसाला आणखी थोडे विष पाजल्यासारखे झाले असते.

‘पण आमच्या पाहुण्यांना गुण आला’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. संदेशातला ५५० हा आकडा चुकीचा आहे. भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती असून त्यांतल्या साठेक विषारी आहेत, म्हणजे बहुसंख्य जाती बिनविषारीच आहेत. कडब्याची गंजी उपसताना धामण चावली, तर थेंब द्या, अंगारा लावा किंवा काहीच करू नका, माणूस वाचणारच. विषारी सापाच्या दंशातही प्रत्येक वेळी विष सोडले जातेच असे नाही. मांत्रिकाची कीर्ती अशाच दंशांवर उभी राहिली आणि आता तीच पुण्याई बाटलीच्या खात्यावर जमा होते. त्याच वेळी, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे.

सिरिंजबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. विष ऊतींमध्ये पसरलेले असते, ते ओढून निघत नाही. जखम तेवढी चिघळते. चिरा देऊ नये, करकचून दोरी बांधू नये, मोडलेल्या हाडाप्रमाणे तो अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ला फोन करावा.

राहिला ‘दहा मिनिटांच्या अंतराने’ हा मुद्दा. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत नाही, सूज नसते, खूण मुंगी चावल्याएवढी. अर्ध्या तासात तीन थेंब देऊन होतात, माणूस नीट बोलतो, पाणी मागतो, आणि थेंबांनी काम केले असे समजून घरचे दिवा मालवतात. लक्षणे कित्येकदा काही तासांनी दिसू लागतात. पहाटे पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळता येत नाही, आणि मग गावातून सिव्हिलकडे गाडी निघते तेव्हा प्रश्न प्रतिविषाचा राहिलेला नसतो, वाटेतल्या श्वासाचा असतो.