‘पहिलटकरणीला दूध पुरत नाही’: पण मोजलं कशानं?

बाळंतिणीच्या घरी फोनवरून हमखास पोचणारा एक मजकूर आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, दावे तेच राहतात. पहिलटकरणीला तीन दिवस दूध येत नाही, तोवर साखरपाणी किंवा डब्याचं दूध द्या. सिझेरियन असेल तर आणखी उशीर. सुरुवातीला दुखणारच, सोसा. बाळ सारखं मागतं म्हणजे त्याचं भागत नाही. छाती मऊ पडली म्हणजे दूध आटलं. रात्री एकदा वरचं द्या, दोघंही झोपाल. यातल्या बहुतेक वाक्यांत खऱ्याचा एखादा कण आहे, म्हणूनच ती पटतात.

‘तीन दिवस दूध येत नाही.’ भरभरून दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं, एवढं खरं. त्याआधी स्तन रिकामे असतात, हे खोटं. गरोदरपणाच्या मध्यापासूनच चीक, म्हणजे अगदी पहिलं दूध, तयार होऊ लागतो. दाट, पिवळसर आणि थोडाच. थोडाच, कारण लागतोही थोडाच: पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळी २ ते १० मिलि घेतं, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. चहाचा चमचा ५ मिलिचा धरला, तर पहिल्या दिवशीचं एक पाजणं म्हणजे फार तर दोन चमचे. घरात कुणीतरी स्तन दाबून बघतं, दोन-चार थेंब दिसतात आणि ‘काहीच नाही’ असा निकाल लागतो. त्यात, दाबून जेवढं निघतं त्यापेक्षा नीट लागलेलं बाळ जास्त ओढतं. गाईच्या चिकाचा खरवस मिटक्या मारत खाणाऱ्या घरांत बाईचा चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकला जातो, हे अजबच. हा चीक सारक असतो. काळी शी लवकर निघून जाते आणि तिच्याबरोबर काविळीचं पित्तही.

साखरपाण्यानं बाळाची भूक मरते, ते ओढत नाही, आणि ओढलं नाही तर दुधाला मागणीच पोचत नाही. मध तर एक वर्षापर्यंत बोटालाही नको. त्यातल्या बोटुलिझमच्या (एका जिवाणूमुळे होणाऱ्या विषबाधेच्या) बीजाणूंना तान्ह्या बाळाचं आतडं थोपवू शकत नाही.

‘सिझेरियनला दूध उशिरा.’ दूध उतरण्याचा इशारा वार (गर्भाला पोसणारी, प्लासेंटा) निघाल्यावर मिळतो, कारण तेव्हा प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक झपाट्यानं घसरतं. वार सिझेरियनमध्येही निघतेच. उशीर होतो तो बहुधा बाळ आईजवळ उशिरा आल्यामुळे. आई शुद्धीत असेल आणि बाळ ठीक असेल, तर पहिल्या तासातच उघड्या छातीवर ठेवा, वरून दुपटं घाला. टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर निजून पाजा. नाहीतर बाळाचे पाय आईच्या काखेखालून पाठीकडे जातील असं बाजूला धरा. बाळ काचेच्या पेटीत असेल, तर पहिल्या काही तासांतच हातानं चीक काढायला लागा, २४ तासांत ८ वेळा तरी, रात्रीसुद्धा. अंगठा वर, तर्जनी खाली, बोंडापासून सुमारे ३ सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या दिशेनं दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. कातडीवरून बोटं घासू नका, बोंड चिमटू नका. थेंब थांबले की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी फिरवून नवी जागा धरा. चीक स्वच्छ चमच्यातच घ्या, पंपात तो भांड्याला चिकटून वाया जातो.

‘दुखणारच, सोसा.’ हा सर्वांत नुकसान करणारा सल्ला. पहिल्या आठवड्यात तोंड लावतानाचे काही क्षण चुणचुण चालते. पाजण्यात शेवटपर्यंत दुखत असेल, किंवा सोडल्यावर बोंड लिपस्टिकच्या टोकासारखं चपटं, तिरकं दिसत असेल, तर बाळ नुसतं बोंड चावतंय. दूध बोंडात नसतं, त्यामागे असतं. म्हणून एकाच चुकीनं बोंडाला चिरा पडतात, दूध पुरेसं निघत नाही आणि बाळ उपाशी राहतं.

नीट लावायचं कसं? बाळाचं पोट आईच्या पोटाला, डोकं आणि पाठ एका रेषेत. मान वळवून आपण पाणी पिऊन पाहिलं की कारण कळतं. हात मानेच्या मुळाशी आणि खांद्यांना, डोक्याच्या मागून ढकलू नका, बाळ मागे रेटतं. बोंड बाळाच्या नाकासमोर आणा, वरच्या ओठाला टेकवा आणि थांबा. जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबणं हीच कठीण पायरी. मग बाळाला स्तनाकडे आणा, हनुवटी आधी टेकू दे. जमलं की खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी टेकलेली, बोंडाभोवतीचा काळसर भाग वर जास्त आणि खाली कमी दिसणारा. गाल आत खेचले जात असतील किंवा चुटचुट आवाज येत असेल, तर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा. चार वेळा लावावं लागलं तरी हरकत नाही.

‘सारखं मागतं.’ २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं हा नियम आहे, अपवाद नव्हे. संध्याकाळी तर बाळं दोन-तीन तास लागोपाठ छातीला लागतात. रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी बाळ तोंड वळवून शोधतं, मुठी चोखतं. तेव्हाच घ्या, रडून लाल झालेलं बाळ नीट तोंड लावत नाही.

मोजायचंच तर दुपटी मोजा. पहिल्या दिवशी किमान एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त, फिकट रंगाची. शी काळीची हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. वजन आधी उतरतं, जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत सहसा चालतं. ३ किलोचं बाळ २ किलो ८०० ग्रॅमवर आलं म्हणून डबा फोडायचं कारण नाही. दोन आठवड्यांत ते जन्मवजनाला परत यावं. वजन त्याच काट्यावर, कपड्यांविना करा.

‘छाती मऊ पडली.’ पहिल्या आठवड्यातला टणकपणा नुसत्या दुधाचा नसतो, सूजही असते. दीड महिन्याच्या आसपास दूध बाळाच्या मागणीशी जुळतं आणि छाती मऊ लागते. नेमक्या याच सुमारास पुष्कळ घरांत डबा येतो.

‘रात्री एकदा वरचं.’ स्तनात दूध साचून राहिलं की निर्मिती मंदावते. शिवाय दूध बनवणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणजे रात्रीचं पाजणं चुकवणं महागात पडतं. रोज रात्री बाटली गेली की काही दिवसांत दूध खरोखर घटतं, आणि मजकूर पाठवणारी म्हणते, ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ भारतात १९९२ च्या कायद्यानं आणि २००३ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या दूधपावडरीच्या जाहिरातीला आणि फुकट नमुन्यांना बंदी आहे. कुणी डबा ‘भेट’ देऊ केला तर हे ध्यानात असू द्या.

अळीव, डिंकाचे लाडू, शतावरी खुशाल खा, बाळंतिणीला जास्तीचं अन्न लागतंच. पण स्तन रिकामे न करता नुसत्या लाडवांनी दूध वाढत नाही. बाळाला मात्र सहा महिने पाणीही नको, मे महिन्यातही नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं.

दूध खरोखर कमी असणाऱ्या बायकाही असतात, आणि त्यांना ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणणं अन्याय आहे. प्रसूतीत फार रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, थायरॉइड, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया, ही तपासण्याजोगी कारणं. ७२ तास उलटूनही स्तन भरल्यासारखे वाटत नसतील, तर जाणकाराला पाजणं दाखवा. वरचं द्यायची वेळ आलीच तर आधी स्वतःचं काढलेलं, मग मिळालं तर दूधपेढीचं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं (मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून अशी पेढी आहे), मग पावडरीचं. तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं, वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, छातीशी लावून झाल्यावर. आणि तेवढ्याच वेळा हातानं किंवा पंपानं दूध काढत राहा.

पुढच्या खुणा दिसल्या तर मात्र मजकूर बाजूला ठेवून त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांकडे न्या: पाचव्या दिवसानंतर सहापेक्षा कमी शू, तिसऱ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग, पाजायला उठवूनही न उठणं, वजन १० टक्क्यांहून जास्त उतरणं, पाय-तळव्यांपर्यंत पोचलेला पिवळेपणा.