पाठीतलं पाणी आणि आत्याचा मेसेज

‘मेंदूज्वरात पाठीतलं पाणी काढू देऊ नका. माणूस कमरेखाली लुळा पडतो. रक्त आणि सीटी पुरे. तसंही व्हायरसवर औषध नसतं.’

आत्याने हे घरच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा चुलतभावाचा बारावीतला मुलगा तापात असंबद्ध बडबडत दवाखान्यात होता. भावाने ते वाचलं आणि संमतीच्या कागदावर सही करायला सकाळ उजाडवली. एरवी मी असल्या मेसेजकडे बघतही नाही.

लुळा कसा पडेल? मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते त्याच्या खाली. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं तेच पाणी तिथे असतं, आणि त्यात मज्जातंतूंचे सुटे धागे, ते सुईपुढून सरकतात. काढतात काही मिलिलिटर. शरीर रोज साधारण अर्धा लिटर नवं बनवतं. नंतर डोकं दुखतं कधी कधी, मान्य. मेंदूवर दाब वाढलेला असेल तर सुई धोक्याची, हेही मान्य. म्हणूनच तशी शंका आली की आधी सीटी काढतात.

पण ‘औषध नसतं’ हे वाचून डोकंच फिरलं. जपानी मेंदूज्वर, किंवा आपल्या नागपूरकडे १९६५ साली सापडलेला चांदीपुरा विषाणू, यांवर नेमकं औषध नाही, खरंय. हर्पिस विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर आहे, असायक्लोव्हिर. १९८६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेली चाचणी बघा: विडाराबिन या जुन्या औषधावर ५४ टक्के रुग्ण दगावले, असायक्लोव्हिरवर २८ टक्के. त्या चाचणीत निदान पक्कं करायला कवटी उघडून मेंदूचा तुकडा काढला होता! आज तेच काम पाठीतल्या पाण्याच्या पीसीआरवर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीवर होतं, आणि आपण सुईला घाबरतोय. शंका येताच डॉक्टर असायक्लोव्हिर सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत. पण ते शिरेतून दोन-तीन आठवडे द्यायचं की बंद करायचं, हे ठरवायला पाणी लागतंच.

रक्त आणि सीटीचं थोडक्यात: मेंदूत हर्पिस असूनही रक्तात सापडेलच असं नाही, आणि सीटी सुरुवातीला साफ येऊ शकतो.

मेसेजवाल्याला न सुचलेला खरा मुद्दा मीच देतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत पीसीआर निगेटिव्ह येऊ शकतो. संशय कायम असला तर काही दिवसांनी पुन्हा पाणी काढतात. तेव्हा ‘दवाखानेवाले पैसे उकळतात’ असा नवा मेसेज नको, आत्या.