रावस, सॅल्मन आणि ताईचा प्रश्न

ताईचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या सुपरमार्केटात माशांपुढेच उभी होते. भावोजींचे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेत, डॉक्टरांनी ओमेगा-३ (माशांतली उपयोगी चरबी) वाले मासे खायला सांगितलेत, म्हणून तिने नॉर्वेचा फ्रोझन सॅल्मन आणला होता. त्यावरून घरच्या ग्रुपवर भांडण जुंपलेलं. पाळलेला मासा म्हणजे नुसती चरबी आणि वरून मारलेला रंग, असं मामाचं म्हणणं. "तू तिथे राहतेस, तूच सांग. खायचा की टाकायचा?"

टाकू नकोस, असं मी तिला लगेच सांगितलं. पण मामाला उत्तर द्यायचं तर थोडं सविस्तर सांगायला हवं.

आम्ही रत्नागिरीकडचे. तळ्यातला मासा आमच्या घरात शिजलाच नाही, त्याला चिखलाचा वास येतो म्हणून. 'पाळलेला' म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे तेच तळं येतं. सॅल्मन मात्र मोठा होतो तो समुद्रात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्यात मोठमोठी गोल जाळी सोडतात आणि त्यात तो पोसतात. पाणी खारंच, फक्त पोटात काय जायचं ते माणूस ठरवतो. सगळी गोम त्या खाद्यात आहे.

मासा ओमेगा-३ स्वतः फारसं तयार करत नाही. ते तयार करतं शैवाल. शैवाल खातात बारीक जीव, त्यांना खातात छोटे मासे, आणि छोट्यांना मोठे. १९९० च्या सुमारास नॉर्वेत सॅल्मनच्या खाद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास माशांची भुकटी आणि माशांचं तेल असायचं. २०१३ पर्यंत हे प्रमाण तीस टक्क्यांवर आलं. उरलेली जागा सोया आणि रेपसीड (मोहरीच्या जातीचं बी) तेलाने घेतली. इतक्या माशांना पुरेल एवढं मासळीचं तेल समुद्रात नाहीच. परिणाम व्हायचा तो झाला. स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटिश सॅल्मन तपासला, तेव्हा २००६ ते २०१५ या काळात त्यातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मधली दोन उपयोगी आम्लं जवळजवळ निम्म्यावर आलेली आढळली.

तरीही मी ताईला 'खा' म्हणते, कारण पाळलेला मासा अंगाने भरलेला असतो. अमेरिकी कृषिखात्याच्या तक्त्यांत पाळलेल्या अटलांटिक सॅल्मनच्या शंभर ग्रॅममध्ये चरबी सुमारे १३ ग्रॅम, तर रानटी, म्हणजे न पाळलेल्या, अटलांटिकमध्ये सुमारे ६. प्रथिनं दोन्हींत वीसच्या घरात. चरबीतला ओमेगा-३ चा वाटा घटला तरी चरबीच जास्त, त्यामुळे ताटातल्या तुकड्यात ते बहुतेक रानटी माशांपेक्षा अजूनही कमी पडत नाही. मामाचं 'चरबी' हे म्हणणं खोटं नाही, पण आपल्याला हवं ते त्या चरबीतच आहे. ड जीवनसत्त्वात मात्र रानटी मासा पुढे असल्याचं तपासण्यांत दिसलंय, आणि इथल्या हिवाळ्यात मला त्याचीही गरज असते.

रंगाचं म्हणाल, तर तो वरून मारलेला नाही. सॅल्मन लाल होतो अ‍ॅस्टॅझॅन्थिन या रंगद्रव्यामुळे. मोकळ्या समुद्रात ते जवळ्यासारख्या बारीक जिवांतून मिळतं, पिंजऱ्यात ते खाद्यात घालतात. नाही घातलं तर मांस फिकट राहील.

ग्रुपवर अजून फिरणारी विषारी द्रव्यांची भीती २००४ सालच्या एका अभ्यासातली आहे. 'सायन्स' नियतकालिकात तो आला होता, आणि पाळलेल्या सॅल्मनमध्ये पीसीबी हे विषारी औद्योगिक रसायन जास्त सापडल्याचं त्यात म्हटलं होतं. पीसीबी येत होतं मुख्यतः माशांच्या तेलातून. वनस्पती तेल वाढलं तसं तेही उतरलं. ज्या बदलाने विष कमी केलं त्यानेच ओमेगा-३ ही कमी केलं, हे कुणी पुढे पाठवत नाही. आता शैवालापासून थेट काढलेलं तेल खाद्यात घालू लागलेत. माझी आशा त्यावर आहे.

मला राग आहे तो पाकिटाचा. इथे 'पाळलेला' की 'पकडलेला' हे लिहावं लागतं, पण बारीक अक्षरांत. कायद्याने संरक्षित नाव 'स्कॉटिश फार्म्ड सॅल्मन' होतं, २०२४ मध्ये तर त्यातला 'फार्म्ड' (पाळलेला) शब्दच काढून टाकला. त्या माशाने काय खाल्लं हे तर कुठेच नाही. मला ते पाकिटावर हवं आहे, मिठाचं प्रमाण लिहितात तसं.

ताईच्या पाकिटावर नुसतं 'नॉर्वेजियन' लिहिलंय. तो पाळलेलाच असणार, शंका नको. नॉर्वेच्या नद्यांतला रानटी सॅल्मन इतका घटलाय की २०२४ च्या उन्हाळ्यात ३३ नद्यांवर मासेमारी बंद करावी लागली. मी इथे 'वाइल्ड' म्हणून घेते तो अलास्काचा सॉकाय जातीचा सॅल्मन. तिथे मत्स्यपालनालाच १९९० पासून बंदी आहे. तो बारीक अंगाचा, गडद लाल असतो आणि तव्यावर मिनिटभर जास्त राहिला की कोरडा पडतो. पैसे कमी असतील तेव्हा मी डब्यातला पिंक सॅल्मन आणते. तोही समुद्रात पकडलेला, काट्यांसकट मऊ शिजलेला, त्यामुळे कॅल्शियमही मिळतं. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून त्याचे कटलेट मुलं आवडीने खातात.

ताईला मात्र मी दुसरंच सुचवलं. रावसाला आपण 'इंडियन सॅल्मन' म्हणतो, पण त्याचा सॅल्मनशी काही संबंध नाही, तेव्हा त्या नावाला भुलून त्यावर पैसे घालू नकोस. गणेश पेठेत जा आणि बांगडा घे, तारली (सार्डिन) घे. पावसानंतर तारलीला इतकी चरबी धरते की तव्यावर ती आपल्याच तेलात परतून निघते. पाळलेल्या माशांचं खाद्य बनवायला जगभर अशाच छोट्या माशांची भुकटी करतात. आपल्या किनाऱ्यावरची तारलीही भुकटीच्या कारखान्यांत जाते. भावोजींसाठी ती बाजारात ताजी मिळत असताना नॉर्वेहून गोठवून आणलेल्या तुकड्याचे पैसे कशाला द्यायचे?

ताई म्हणाली, तारलीला काटे फार, भावोजी खाणार नाहीत. मी म्हटलं, प्रेशर कुकरमध्ये कोकम घालून मंद आचेवर ठेव, काटे मऊ पडतात. रविवारी करून बघते म्हणाली.