भिंडांना (कोकमांना) गुण जास्त पडले, म्हणून गोळ्या सोडायच्या?

गेल्या आठवड्यात आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर एकच मेसेज तीनदा आला. मजकूर असा: ‘संगणकाने सिद्ध केलं! भिंडांतला गार्सिनॉल टीबीच्या जंतूला आयसोनिआझिडपेक्षा घट्ट चिकटतो. औषध शोधायला आता दहा वर्षं नकोत, दहा दिवस पुरे. कंपन्या हे दडपतात. सोलांचं पाणी प्या, विषारी गोळ्या सोडा.’ (गार्सिनॉल हा भिंडांतला एक रेणू, सोलं म्हणजे भिंडांच्या वाळवलेल्या साली, आणि आयसोनिआझिड हे टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांतलं औषध.) फोंड्याच्या एका काकांनी तो मला वेगळा पाठवून विचारलं, ‘तू फार्मसीत शिकवतोस ना रे? सुनेच्या टीबीच्या गोळ्यांचा चौथा महिना चालू आहे, थांबवल्या तर चालेल?’ त्यांना लगेच फोन केला. बाकीच्यांसाठी हे लिहितोय.

आधी ‘घट्ट चिकटतो’. या तपासणीला डॉकिंग म्हणतात. जंतूच्या एखाद्या प्रथिनाची त्रिमितीय रचना घ्यायची, तिच्या खोबणीत रेणू उलटासुलटा करून बसवून बघायचा, की सॉफ्टवेअर गुण देतं: उणे सात, उणे नऊ. जितके उणे तितकं चांगलं. साध्या लॅपटॉपवर एका रेणूला काही मिनिटं लागतात. माझी पोरं प्रॅक्टिकलला करतात.

आता गंमत बघा. आयसोनिआझिड १९५२ पासून वापरात आहे आणि ते जंतूच्या इन्हए नावाच्या विकराला (एन्झाइमला) बंद पाडतं. पण ते स्वतः त्या खोबणीत जाऊन बसत नाही. जंतूचंच कॅटजी नावाचं दुसरं विकर आधी त्याला जागं करतं, मग ते एनएडी या पेशीतल्याच एका रेणूला जोडलं जातं, आणि हा जोडरेणू इन्हएला अडकवतो. नुसतं आयसोनिआझिड खोबणीत ठेवलं तर त्याला गुण कमीच पडणार. म्हणजे भिंडांनी ज्याला हरवलं, तो गडी मैदानात उतरलाच नव्हता!

शिवाय वजनाचा प्रश्न. आयसोनिआझिडचा रेणुभार १३७, गार्सिनॉलचा ६०२. मोठा रेणू जास्त ठिकाणी टेकतो, म्हणून गुण आपोआप वाढतात. ही या सॉफ्टवेअरची जुनी खोड. ऑटोडॉक व्हिना हे सगळ्यांच्या हातातलं सॉफ्टवेअर. ते बनवणाऱ्यांनीच २०१० साली त्याची सरासरी चूक सुमारे २.८५ किलोकॅलरी (प्रति मोल; गुणांचं एककही हेच) सांगितली होती. चिकटण्याच्या जोरात दहापट फरक पडायला १.४ पुरतात. तेव्हा उणे सात आणि उणे नऊ यांतलं अंतर त्या चुकीतच बुडून जातं.

समजा, खरंच चिकटला. तरी जंतूभोवतीची मेणचट भिंत ओलांडायची आहे, आणि त्याआधी आपलं पोट आणि यकृत. यातलं काहीच डॉकिंगला दिसत नाही.

दहा दिवसांचं म्हणाल तर पोटातला ई. कोलाय जंतू प्रयोगशाळेत वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला जवळजवळ वीस तास लागतात. नुसता तो वाढलेला दिसायला आठवडे जातात. पुढे प्राणी, मग माणसं. बेडाक्विलिन या टीबीच्या नव्या औषधावरचा शोधनिबंध २००५ चा, अमेरिकेतली मंजुरी डिसेंबर २०१२ ची. आणि ते सापडलं तेही टीबीच्या जंतूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदावर हजारो रेणू प्रत्यक्ष टाकून बघताना; ते जंतूच्या नेमक्या कुठल्या यंत्रणेवर घाव घालतं, हे नंतर कळलं. त्याचा रेणुभार ५५५. गोळीसाठी फार जड रेणू नकोत म्हणून पाचशेच्या वरचे काढून टाका, ही नेहमीची चाळणी डोळे मिटून लावली असती, तर ते पहिल्याच फेरीत बाद.

संगणक निरुपयोगी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. २०२० मध्ये हॅलिसिन हा जंतू मारणारा रेणू शोधणाऱ्या अमेरिकी चमूने दहा कोटींहून जास्त रेणू संगणकावर चाळले, त्यांतले २३ प्रयोगशाळेत तपासले, आठांनी जंतूंवर परिणाम दाखवला. एवढं निवडून मिळणं हेच मोठं काम. पण त्या आठांना कुणी गोळी म्हटलं नाही.

‘कंपन्या दडपतात’ याला एकच ओळ: सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने २००८ मध्ये टीबीच्या औषधांचा शोध सगळ्यांसाठी खुला ठेवणारा प्रकल्पच काढला होता.

राहिल्या ‘विषारी’ गोळ्या. त्यांतल्या रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी केशरी होते, ते विष नव्हे, औषधाचाच रंग. यकृताला त्रास होऊ शकतो, हे खरं. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पण बरं वाटतंय म्हणून चौथ्या महिन्यात थांबलं, तर सुस्त पडून राहिलेले जंतू पुन्हा डोकं काढतात. नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा आहे तो त्यांच्यासाठीच.

काकांनी फोन ठेवता ठेवता विचारलं, ‘मग सोलकढी बंद करू काय तिची?’ म्हटलं, कशाला? गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या वेळेला, आणि सोलकढी दुपारी शीत-कढीबरोबर हवी तेवढी.