गोष्ट सांगितली म्हणून बाईंनी माफी मागितली

लेकीच्या सातवीच्या पालक ग्रुपवर आज जे वाचलं, ते डोक्यातून जातच नाहीये. गणिताच्या बाईंनी तासाला एक गोष्ट सांगितली. त्यावर एका पालकांचा मेसेज : "गोष्टी मराठीच्या तासाला सांगा, इथे पोर्शन पूर्ण करा." खाली अंगठ्यांची रांग. संध्याकाळी बाईंचं उत्तर आलं, "क्षमस्व, यापुढे काळजी घेईन."

क्षमा कशाबद्दल? काय गुन्हा केला त्यांनी?

मला गणिताची गोडी लागली ती मामामुळे. चाळीसगावला मे महिन्यात लाईट गेली की आम्ही सगळी पोरं गच्चीवर. तिथे मामानं भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथातलं भुंग्यांचं कोडं सांगितलं. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ, तेवढे भुंगे मालतीच्या वेलीवर गेले. सगळ्या थव्याच्या नऊ भागांतले आठ भागही तिकडेच. वासाला भुलून एक रात्री कमळात अडकला, आणि त्याची भुंगी बाहेर गुणगुणत राहिली. तर एकूण भुंगे किती?

मी विचारलं, "मामा, तो सुटला का रे?"
"आधी थवा मोज, मग सांगतो."

मग कसली झोप! निम्मा आकडा वर्गसंख्या हवा, म्हणजे २, ८, १८, ३२, ५०, ७२... त्यात नवानं भाग जाणारे १८ आणि ७२. अठराला जमत नाही, ३ आणि १६ मिळून १९ होतात, थव्याहून जास्त. बहात्तरला ६ आणि ६४, झाले सत्तर. उरले दोन. आतला आणि बाहेरची! मी अंधारात ओरडलेच.

बरं, पाढे पाठ हवेत, सराव हवा, मान्य. पण "कडू गोळीला साखर" म्हणून गोष्टीची बाजू घेणारेही मला पटत नाहीत. पुस्तकातला रमेश साठ कलिंगडं घेतो. का घेतो, पुढे काय करतो, कुणाला पडलेलं नसतं. त्या भुंग्याचं मला पडलं होतं, म्हणून उत्तर हवं होतं.

आणि हे काही बाहेरून आलेलं फॅड नाही हो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये हे श्लोकांत लिहिलं. त्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख आमच्या चाळीसगावजवळ पाटणला आहे. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही कथा दंतकथा असेल, असू दे. त्या कथेमुळेच कितीतरी घरांत हे नाव पोचलं.

बाईंना मी वेगळा मेसेज केलाय. ग्रुपवरही लिहिणार आहे, कुणाला राग येवो.

आणि तुम्ही आज जेवताना पोरांना एवढं विचारा. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघालाय. मोरानं तिरकी झेप घेतली आणि दोघांनी सारखंच अंतर कापल्यावर त्याला गाठलं. बिळापासून किती हातांवर? सातवीतल्या पायथागोरसवर सुटतं. उत्तर कमेंटमध्ये लिहू नका, पोरांना काढू द्या.