पिलबाग कधी धरताय?

कादंबरी लिहिणं फार अवघड नाही. शेतातल्या मोटारीला रात्रपाळीची लाईट असली की लाईट येईपर्यंत जागं राहावं लागतं. सोबत वही असली की माणूस काहीतरी लिहितोच. खरा छळ पुस्तक छापून आल्यावर सुरू होतो, आणि छळणारी माणसं इतकी मायेची असतात की त्यांच्यावर रागावताही येत नाही.

माझ्या कादंबरीत भिकननाना नावाचा एक म्हातारा आहे. लग्नात आहेर केला की दुसऱ्या दिवशी रिकामं पाकीट परत मागायला जाणारा. पुस्तक रावेर तालुक्यात फिरलं तसे फोन सुरू झाले. "भो, आमच्या चुलत्याले काय उचललं राव!" म्हणून एकजण खूश. तो चुलता स्वतः पुस्तकाच्या पाच प्रती घेऊन गेला, कारण त्याच्या मते भिकननाना म्हणजे हुबेहूब त्याचा व्याही. व्याह्याला त्यात थेट सरपंच दिसला. आपण स्वतः भिकननाना आहोत असं म्हणणारा अजून भेटलेला नाही. (पाकीट परत मागणारं माणूस आमच्याच घरातलं आहे, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही आणि मी सांगणारही नाही.)

जे पुस्तकात आहेत त्यांच्यापेक्षा जे नाहीत ते जास्त दुखावतात. आमचे आप्पा वर्षानुवर्षं ओट्यावर बसून मला गोष्टी सांगत आले. त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोटानं तपासलं आणि मिटून ठेवलं. "ट्रॅक्टरवाल्या शांतारामचं नाव आहे. माझं नाही." तेव्हापासून ते माझ्याशी फक्त पाऊसपाण्यावर बोलतात.

घरी वेगळीच तऱ्हा. नायिका सुलभा एका पहाटे रावेर स्टेशनवर गाडीत बसते आणि निघून जाते.

"ही सुलभा कोण?" बायकोनं विचारलं.

"काल्पनिक आहे गं."

"काल्पनिक बाईला शेवभाजीत लिंबू पिळलेलं आवडतं, हे तुम्हाला कसं कळलं?"

याला उत्तर नसतं. मी मोटार बघायला गेलो. लाईट नव्हती.

हिवाळ्यात वाचनालयाच्या मंडळींनी पुस्तकावर चर्चा ठेवली. चर्चा म्हणजे अर्थातच मळ्यात भरीत पार्टी. बांधावर कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी-पांढरी भरताची वांगी. साल काळी पडून फुटायला लागली की आतून पाणी चुरचुरतं. मग ती सोलून, मिरच्या-लसूण घालून लाकडी बडगीत ठेचायची. हे सगळं चालू असताना लेखकाला मध्ये बसवतात, म्हणजे धूर आणि प्रश्न दोन्ही एकाच बाजूनं येतात.

निवृत्त गुरुजींनी कागद काढला. "पान १४२ वर बैलाचं नाव ढवळ्या. पान १६० वर पवळ्या. असं का?"

"गुरुजी, गाडीला दोन बैल असतात."

त्यांनी पेन्सिलीनं खूण केली, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

मग एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "सर, तुमच्या लेखनामागची वैयक्तिक प्रेरणा काय?" मी खरं ते सांगितलं, मोटारीची लाईट. तिचा चेहरा पडला. गुरुजी कानाशी येऊन म्हणाले, "काहीतरी दुःख सांगा हो." मला आसोद्याच्या बहिणाबाई आठवल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करता करता गाणी सुचायची, आणि ती त्यांच्या लेकानं, सोपानदेवांनी उतरवून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. त्यांना कोणी प्रेरणा विचारली असती, तर विचारणाऱ्यालाच त्यांनी जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसवलं असतं.

खरी गाडी घसरली ती दुसऱ्या भागावरून. "नवतीचं पीक निघालं, आता पिलबाग कधी धरताय?" एका केळीवाल्यानं विचारलं. आमच्याकडे केळीचा पहिला घड कापला की बुंध्याशी राखलेलं पील पुढचं पीक देतं, तीच पिलबाग. "रोपांचा खर्च नाही, नांगरट नाही. तुमची माणसं तर तयारच उभी आहेत!"

"पिलबागेला भाव कमी मिळतो," मी म्हणालो.

"मग खत जास्त टाका."

दुसरा म्हणाला, "आपल्या शेजारच्या यावल तालुक्यातल्या नेमाड्यांनी एकट्या चांगदेव पाटलावर चार कादंबऱ्या लिहिल्या. आपण दोनपण नाही? तालुक्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे." मी अमळनेरकडे बोट दाखवलं. तिथं साहित्य संमेलन १९५२ ला झालं आणि पुढचं थेट २०२४ ला. खान्देशात दुसऱ्या भागाला एवढा वेळ लागतोच.

"पण भिकननाना तर मेला," मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला.

"मेला कुठं? तुम्ही त्याला भुसावळच्या दवाखान्यात नेलं."

"पुढच्या पानावर अंत्ययात्रा आहे."

"ती त्याचीच कशावरून?"

एवढ्यात अमळनेरकडून लेकीकडे आलेल्या एक आक्का पुढे सरकल्या. त्यांना वाचता येत नाही. नातीनं रोज थोडी थोडी कादंबरी वाचून दाखवली होती. "भाऊ, मंग ती पोर कथा गयी?"

मी म्हणालो, "ते मी मुद्दामच मोकळं सोडलंय, आक्का. वाचकानं ठरवावं."

"ठरावानं काय त्यामा? बुऱ्हाणपूरले तिनी मावशी शे. तठे गयी व्हई."

गुरुजींनी पुस्तक चाळलं. "मावशीचा उल्लेख कुठंच नाही."

आक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "त्याले काय म्हाईत!"

सगळ्यांना ते पटलं. सुलभा तिकडे यंत्रमागावर कामाला लागली असेल की मावशीनं तिला शिलाई मशीन घेऊन दिली असेल, यावर दोन तट पडले. गुरुजी नव्या कागदावर टिपून घेऊ लागले. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर केळीवाल्यानं कांद्याच्या पातीची जुडी माझ्या हातात दिली आणि विहिरीवर जाऊन धुऊन आणायला सांगितलं.